केसांचा कुंचला, दमट कपाट: एका पुस्तकाची प्रस्तावना

चाकणच्या कुठल्याही कारखान्यात हिरव्या पट्टीवरून चालत आत गेलात, की पहिल्या दोन-चार खांबांत एखाद्या खांबावर तो फलक दिसतोच. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. देवनागरीत रंगवलेले पाच जपानी शब्द आणि खाली त्यांचे मराठी अर्थ. खेड, मावळ, जुन्नरची, तशीच बीड-लातूरकडची पोरं आयटीआय करून या पट्ट्यात येतात आणि पहिल्या आठवड्यात हे शब्द पाठ करतात. मग कायझेन येतं, कानबान येतं, पोका-योके येतं. ‘या महिन्यात कायझेन दिलास का?’ हे वाक्य पिंपरीपासून चाकणपर्यंत सगळ्यांना कळतं, त्यातलं परकेपण कधीच गळून गेलं आहे.

या शब्दांतून जो जपान आपल्याला भेटला तो सेकंद मोजणारा, वाया जाणारं पाऊल वाचवणारा. त्यानं आपल्याला पुष्कळ दिलं आणि मी त्याचा ऋणी आहे. पण त्याच देशात आणखी एक कामाची जात आहे. तिथे एका वाडग्यावर लेप द्यायला महिने लागतात. लेप देणारा आपला कुंचला पेन्सिलीसारखा तासून वर्षानुवर्षं वापरतो, आणि ओला लेप सुकवण्यासाठी तो दमट कपाटात ठेवतो. त्या कामाचे शब्द आपल्या खांबांवर कधी आले नाहीत. हे पुस्तक त्या शब्दांचं आहे, आणि शब्दांपेक्षाही ते शब्द ज्या हत्यारांची नावं आहेत त्या हत्यारांचं.

मी सत्तावीस वर्षं पेंट शॉपमध्ये काढली. त्यातली बरीचशी तपासणीच्या बोगद्यात, दोन्ही बाजूंच्या ट्यूबलाइटच्या रांगांमध्ये. बॉनेट समोर आलं की मी रंग बघत नसे, रंगात पडलेली ट्यूब बघत असे. ट्यूबची रेघ सरळ दिसली तर काम ठीक. रेघेला संत्र्याच्या सालीसारखी खडबड आली तर ऑरेंज पील, मध्येच खळगा आला तर क्रेटर, ओघळ आला तर सॅग. नजरेला ही सवय इतकी लागते की घरी स्टीलच्या डब्यातही माणूस ट्यूब शोधतो.

नव्या रोबोची जुळणी करायला जपानहून एक तंत्रज्ञ आले होते. वयानं माझ्यापेक्षा मोठे, बोलणं कमी. जेवणाच्या सुट्टीत ते आपलं सूप स्वतःच्या वाडग्यात घेत. बाहेरून काळा, आतून लाल. एक दिवस कँटीनमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सवयीनं माझी नजर वाडग्याच्या कुशीवर गेली. छतावरची ट्यूब त्या काळ्या वाकणावर एका अखंड रेघेसारखी उतरली होती. साल नाही, खळगा नाही, धुळीचा एक कण नाही. असा पृष्ठभाग मी आमच्या लाइनवर फार थोड्या वेळा पाहिला होता, आणि तो पॉलिश केल्यावर. पुण्यात जपानी शिकलेली एक मुलगी आमच्याकडे दुभाषी होती. तिच्याकरवी मी विचारलं, गन कुठली वापरली? ते म्हणाले, कुंचला. मी विचारलं, कुंचला कशाचा? त्यांनी आपल्या डोक्यावर हात ठेवून केसांची बट धरून दाखवली. मुलगी म्हणाली, ‘सर, ते म्हणतायत माणसाच्या केसांचा.’ मला वाटलं, तिचा काहीतरी घोटाळा झाला.

असं वाटायला कारण होतं. पेंट शॉपमध्ये केस म्हणजे शत्रू. बूथमध्ये जाताना डोक्यावर टोपी, अंगात धागा न सुटणारा डगला, दारात हवेचा झोत. त्याआधीच्या पावसाळ्यात आमच्या लाइनवर अचानक क्रेटर सुरू झाले होते. गाडीमागून गाडी रिवर्कला. तीन दिवस आम्ही हवेच्या नळ्या, फिल्टर, पातळक, हातमोजे सगळं तपासलं. शेवटी सापडलं ते एका नव्या पोरानं केसाला लावलेलं सिलिकॉनचं सिरम. टोपीच्या काठातून त्याचा अंश पुढे गेला होता. ज्या माणसानं हे तीन दिवस भोगले आहेत त्याला कोणी सांगावं, की जगातला एक अतिशय निर्मळ लेप केसांनी देतात! तो मुद्दा माझ्या डोक्यातून गेला नाही. मी विचारत राहिलो, ते उत्तरं देत राहिले, परत गेल्यावरही पत्रांतून सांगत राहिले. पुढे त्यांनी टपालानं दोन वस्तू पाठवल्या. लेप पसरायची एक लाकडी पट्टी आणि वापरून आखूड झालेला एक कुंचला. दोन्ही आत्ता माझ्या टेबलावर आहेत.

आधी नावाचा गुंता सोडवायला हवा. या कामाला इंग्रजीत लॅकर म्हणतात आणि तो शब्द मुळात आपल्याकडून गेलेला आहे. संस्कृतात लाक्षा, बोलीत लाख, फारसी-अरबीत लक, पोर्तुगीजांच्या तोंडी लाका आणि लाक्रे, आणि तिथून युरोपभर. पांडवांसाठी बांधलेल्या लाक्षागृहातली तीच ही लाख. युरोपीय माणसानं जपानी पेटीची झळाळी पाहिली तेव्हा त्याच्या ओळखीची तशी चमकणारी वस्तू हिंदुस्थानची लाख होती. म्हणून नाव तेच पडलं. वस्तू मात्र अगदी वेगळ्या. लाख एका किडीपासून मिळते. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर ती कीड आपल्याभोवती राळेचं कवच करते. लाख उष्णतेनं वितळते, स्पिरिटमध्ये विरघळते. जपानची उरुशी हा झाडाचा चीक आहे. तो एकदा घट्ट बसला की उष्णतेनं वितळत नाही, स्पिरिटला दाद देत नाही, आम्लालाही पुरून उरतो. त्याला खरी भीती उन्हाची. म्हणून या पुस्तकात मी लाखकाम हा शब्द जपानी कामासाठी वापरलेला नाही. सरळ उरुशीकाम म्हटलं आहे.

ही दोन कामं एकमेकांना अगदीच अनोळखी होती असंही नाही. 1549 मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानातल्या कागोशिमाला पोचले. पुढच्या काही दशकांत जपानी कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी उरुशीच्या पेट्या, मूर्तींचे छोटे देव्हारे, धर्मग्रंथ ठेवायच्या घडीच्या चौरंग्या बनवल्या. सोन्याची भुकटी आणि शिंपल्याचा जडाव. हा माल नेणारी जहाजं गोव्यावरून जात. या वस्तूंवरच्या शिंपल्याच्या दाट कामात गुजरातच्या जडावकामाची छाया अभ्यासकांना दिसते. 1639 मध्ये जपाननं पोर्तुगीजांना दार बंद केलं आणि तो माल थांबला. पण मांडवीच्या धक्क्यावर एखाद्या हमालानं तसली पेटी खांद्यावर घेतली असेल, आणि त्याच्या घरी लाखेची बांगडी असेल, ही कल्पना मला फार जवळची वाटते.

दुसरं नातं वनस्पतींचं आहे आणि ते कोकणातल्या माणसाला सांगावंही लागणार नाही. उरुशीचं झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं. बिब्बा उतला म्हणजे काय होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं. आंब्याच्या चिकानं ओठाचा कोपरा जळलेला प्रत्येकाला आठवतो. कच्च्या उरुशीनं तसंच अंग उठतं, आणि त्याहून वाईट. शिकाऊ उमेदवाराला पहिले काही आठवडे चेहरा सुजून, हात खाजून काढावे लागतात. बऱ्याच जणांचं शरीर नंतर सरावतं. काजूचा धागा तर आणखी पुढे जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये उरुशीला स्वस्त पर्याय म्हणून काजूच्या टरफलाच्या तेलापासून एक रंग तयार झाला आणि त्याचं नावच ‘काश्यू’ पडलं. घरातले देव्हारे, मासे धरायच्या काठ्या यांवर तो सर्रास लागतो. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे काजू फोडताना बायांचे हात काळे करणारं तेल त्याच जातीचं.

आता सुकण्याबद्दल. आमच्या धंद्यातल्या माणसाला इथेच सगळ्यात मोठा धक्का बसतो.

पेंट शॉपमध्ये आपण रंग भाजतो. बुडवून विजेनं बसवलेल्या पहिल्या थराला ओव्हनमध्ये 160-180 अंश, वरच्या थरांना 140 च्या आसपास. द्रावक उडून जातं, राळ जुळते, गाडी पलीकडून कोरडी बाहेर येते. पाऊस आला, हवेतला दमटपणा वाढला की सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडतात. उरुशी अगदी उलट वागते. तिला भाजायचं नसतं, तिला दमट हवा द्यायची असते. चिकात लॅकेस नावाचं एक विकर असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्यानं उरुशिओल या मुख्य द्रव्याची साखळी बांधतं, आणि दमटपणा नसेल तर ते कामच करत नाही. हे विकर 1883 मध्ये हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं उरुशीतच शोधलं. त्याच्या लॅकेस या नावातही आपली लाक्षा लपलेली आहे.

म्हणून कारागिराच्या घरी एक लाकडी कपाट असतं. त्याला मुरो किंवा फुरो म्हणतात. फुरो म्हणजे न्हाणी. आतल्या फळ्यांवर पाणी शिंपडतात, ओली फडकी टांगतात, साधारण 20 ते 25 अंश आणि 70 ते 80 टक्के आर्द्रता राखतात. काही कपाटांत आतला आसच फिरता असतो. वस्तू हळूहळू उलटीसुलटी होत राहते, म्हणजे लेप एका बाजूला ओघळत नाही. आमच्या भाषेत, सॅग येऊ नये म्हणून केलेलं पोका-योके, चूक होऊच न देणारी सोय. दमटपणा फार झाला आणि थर जाड बसला तर वरची साय आधी आवळते आणि सुरकुत्या पडतात. या दोषाला जपानी कारागीर चिजिमी म्हणतात, आम्ही रिंकल म्हणतो. पत्रातून हे वाचलं तेव्हा बाहेर जुलैचा पाऊस लागला होता, भिंतींना ओल आली होती आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी. मला पहिल्यांदा वाटलं, ही हवा कोणाच्या तरी कामाची आहे.

उरुशीच्या थरांची शिडी मी पुढे सविस्तर दिली आहे, इथे थोडक्यात. लाकडाच्या कच्च्या वाडग्याचे सांधे आणि कडा आधी पक्क्या करायच्या, कमजोर जागी कापड डकवायचं, मग मातीची बारीक पूड उरुशीत कालवून अस्तर द्यायचं, घासायचं, पुन्हा द्यायचं. नोतो द्वीपकल्पावरच्या वाजिमा गावात या अस्तरात भाजलेली डायटमी माती घालतात. त्यांच्या कामाचे टप्पे शंभराच्या वर मोजले जातात. आमच्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन. ग्राहकाला दिसतो तो शेवटचा, पण दगड लागल्यावर पत्रा वाचवतो तो तळचा. वाडग्याचंही तसंच. वाजिमाच्या वाडग्याची किंमत जास्त का, याचं उत्तर चमकीत सापडत नाही, न दिसणाऱ्या मातीत सापडतं.

आता टेबलावरच्या कुंचल्याकडे येतो. तो कुंचल्यासारखा दिसतच नाही. हिनोकी लाकडाची चपटी पट्टी, आणि एका टोकाला नखाएवढी काळी धार. पण केस फक्त टोकाला चिकटवलेले नाहीत. माणसाचे लांब केस चिकट खळीनं ताठ करून त्यांचा पातळ चपटा पत्रा बनवतात आणि तो दोन फळ्यांच्या मध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवतात. पेन्सिलीत शिसं असतं तसं. टोक झिजलं की कारागीर लाकूड तासतो, आतला नवा केस उघडा करतो, त्यातली खळ ठोकून-मळून काढतो, धार कापतो. अख्ख्या लांबीच्या अशा कुंचल्याला होन-दोशी म्हणतात, अर्ध्या लांबीच्याला हान-दोशी. चांगला कुंचला वर्षानुवर्षं पुरतो आणि दरवर्षी आखूड होत जातो. माणसाचाच केस का? उरुशी मधासारखी दाट असते. मऊ केस तिच्यात लोळतो, फार ताठ केस ओरखडे ठेवतो. माणसाचा लांब केस मधोमध बसतो. काम झाल्यावर कुंचला थिनरनं धूत नाहीत. तेल घालून पट्टीनं दाबत दाबत उरुशी बाहेर काढतात आणि तेलातच ठेवून देतात, म्हणजे उरलासुरला चीक घट्ट होत नाही. दुसऱ्या दिवशी ते तेल पुन्हा उरुशीनंच काढायचं.

धुळीचा प्रश्न त्यांनाही आहेच. उरुशी गाळायला योशिनोचा हातकागद वापरतात. इतका पातळ की पलीकडची बोटं दिसावीत. त्याचे अनेक पदर करून त्यात उरुशी घालायची, पुरचुंडी बांधायची आणि दोन्ही टोकं उलटसुलट पिळायची. पिळता पिळता कागदातून आरशासारखा थेंब निथळतो. एवढं करूनही लेप दिल्यावर एखादा कण बसतोच. तो उचलायला टोकदार काडीसारखं एक हत्यार आहे, फुशी-आगे-बो. ओल्या लेपाला न दुखावता कण अलगद टिपायचा आणि उरलेला खळगा आपोआप मिटेपर्यंत श्वास रोखायचा. आमच्या लाइनवर तेच काम करणारी माणसं आहेत. हातात चिमटा, डोळ्यांवर भिंग, आणि ओल्या क्लिअर कोटवर वाकलेली मान. त्या माणसांना हा परिच्छेद वाचून दाखवावा असं मला वाटतं.

दुसरी वस्तू ती पट्टी. तिला हेरा म्हणतात. लेप कालवायला, पसरायला, कोपऱ्यात दाबायला. दिसायला आइसक्रीमच्या काडीचा थोरला भाऊ. पण ती बाजारात आयती मिळत नाही, म्हणजे मिळाली तरी कारागीर तशीच वापरत नाही. हिनोकीच्या ढलपीतून तो स्वतः कापतो. नुशी-गाताना नावाची एक सुरी असते, लेप देणाऱ्याची सुरी. नवीन पोराला आधी ती सुरी लावायला शिकवतात, मग हेरा कापायला. लेप खूप नंतर. वाडग्याच्या आतल्या वाकणाला एक हेरा, कडेला दुसरा, सपाट तळाला तिसरा, आणि प्रत्येकाची लवचीकता कारागिराच्या मनगटाला मिळालेली. मला आलेला हेरा डावीकडे किंचित जास्त झिजला आहे. ज्यानं तो वापरला त्याच्या हाताचा कल त्यात उतरला आहे.

हे वाचून भोसरीच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. भोसरीत एका गाळ्यात माझा एक मित्र मशीनच्या बेडचं स्क्रॅपिंग करतो. जुन्या लेथचा बेड झिजला की तो सरफेस प्लेटला निळा रंग लावून बेडवर फिरवतो, निळे ठिपके जिथे उठतात तिथून केसभर धातू खरवडतो, पुन्हा फिरवतो. त्याचा स्क्रॅपर विकतचा नाही. झिजलेली कानस ग्राइंडरवर घासून, टोकाला किंचित गोलाई देऊन त्यानं स्वतः केलेला आहे, आणि मूठ पोटाला टेकेल इतकी लांब. तो कोणाला हात लावू देत नाही. आणि आता गंमत पाहा. उरुशीचा कारागीर ज्या सपाट पाटावर लेप कालवतो, ज्याच्याखाली हत्यारांचे खण असतात, त्याला जपानीत जोबान म्हणतात. जपानच्या मशीन शॉपमध्ये सरफेस प्लेटलाही जोबानच म्हणतात. लेप देणारा आणि खरवडणारा, दोघेही एकाच नावाच्या सपाटीवर उभे. मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. त्यानं प्लेटवरचं फडकं काढलं, ती पुसली आणि पुन्हा झाकून ठेवली.

या पुस्तकात वस्तूंपेक्षा हत्यारांना जागा जास्त का दिली, ते आता सांगतो. उरुशीच्या सुंदर वस्तूंची पुस्तकं पुष्कळ आहेत, संग्रहालयांच्या काचांमागे त्या शांत बसलेल्या आहेत. पण कुठलंही काम मोडायला लागतं ते हत्याराच्या बाजूनं. वाडगा करणारा अजून असतो, त्याचा मुलगाही शिकत असतो, पण कुंचला बांधणारा म्हातारा झालेला असतो आणि त्याच्यामागे कोणी नसतं. सोन्याच्या नक्षीला, माकि-ए कामाला, रेघ ओढायची लेखणी पूर्वी उंदराच्या पाठीवरच्या केसांची असे. त्या केसाच्या टोकाला एक पारदर्शक भाग असतो, तो दाट उरुशी धरून लांब, न तुटणारी रेघ सोडतो. तसे केस मिळणं दुर्मीळ झालं आणि जुन्या कारागिरांची तक्रार आहे की बदली केसांनी तशी रेघ येत नाही. सोन्याची भुकटी शिंपडायची नळी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची किंवा बांबूची, तोंडाला रेशमाची जाळी. लेप घासायला कोळसा लागतो, आणि तोही विशिष्ट झाडाचा, विशिष्ट तऱ्हेनं भाजलेला. फुकुई प्रांतातल्या नाताशोचा कोळसा त्यासाठी नावाजलेला, पण तो भाजणारे हातावर मोजण्याइतकेच.

झाडाचा चीक काढणाऱ्याचीही हीच कथा. उरुशीचं झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं. मग जूनपासून शरदापर्यंत दर चार-पाच दिवसांनी त्याच्या सालीवर एकेक आडवी चीर द्यायची. चीर देणाऱ्या हत्याराला दोन टोकं. एक वळलेलं, साल खणून काढणारं, दुसरं सुईसारखं, त्या खाचेत बारीक वाट पाडणारं. पाझरलेला चीक पट्टीनं खरवडून सालीच्या डब्यात घ्यायचा. एका झाडापासून हंगामभरात जेमतेम 200 ग्रॅम. नंतर झाड तोडतात आणि बुंध्यातून फुटलेल्या कोंबाची पुन्हा दहा वर्षं वाट पाहतात. जपानात लागणारी बहुतेक उरुशी आता चीनमधून येते. देशी उरुशीचा मोठा वाटा इवाते प्रांतातल्या जोबोजी भागाचा. 2015 मध्ये जपानच्या सांस्कृतिक खात्यानं ठरवलं की राष्ट्रीय ठेवा असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीत शक्यतो देशी उरुशीच वापरायची. तेव्हा झाडं कमी पडली, चीक काढणारे कमी पडले, आणि ती दुटोकी हत्यारं घडवणारे लोहार तर त्याहून कमी. 2020 मध्ये युनेस्कोनं जपानच्या लाकडी वास्तुकलेशी निगडित 17 कौशल्यांना मान्यता दिली, त्यात उरुशी काढणं आणि शुद्ध करणंही आहे. मान्यतेनं लोहार जन्माला येत नाहीत हे खरं, पण शिकायला येणाऱ्या पोराला ती आधार देते.

आपल्याकडे हे सावंतवाडीनं अनुभवलं. तिथले चितारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाची गोल पानं करत. चिंचोक्याच्या खळीनं कापडाचे थर चिकटवायचे, वर पांढरं अस्तर, दगडानं घोटायचं, मग चित्र आणि लाखेचा लेप. दशावतारी गंजिफाची पानं 120, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. खेळ मागे पडला, पानं कोणी घेईना, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला वयोवृद्ध चिताऱ्यांच्या हातात येऊन थांबली. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती त्या हातांकडून शिकून घेतली, आणि 1971 मध्ये सावंतवाडीच्या राजवाड्यात काम पुन्हा उभं केलं. आजही वाड्याच्या दालनात बसून कारागीर पानं रंगवतात. त्या वेळी थोडा उशीर झाला असता तर पानं संग्रहालयांत राहिली असती, पण खळ किती दाट करायची आणि घोटायचा दगड कसा धरायचा हे कोणाला ठाऊक नसतं. सावंतवाडीचं काम आणि वाजिमाचं काम यांची जात वेगळी हे मी वर सांगितलंच. तरीही शिंपी असो, चितारी असो, उरुशीचा लेप देणारा नुशी असो, आपलं ज्ञान तो ज्या ठिकाणी ठेवतो ती जागा एकच, हात आणि हातातलं हत्यार यांच्या मधली.

हे पुस्तक लिहिताना 1 जानेवारी 2024 उजाडला. त्या दिवशी दुपारी नोतो द्वीपकल्पाला 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमाच्या सकाळच्या बाजाराची गल्ली आगीत गेली, घरांबरोबर कार्यशाळा पडल्या, अस्तर चढवून ठेवलेले वाडगे, मुरोची कपाटं, पिढ्यान् पिढ्या तासत आलेले कुंचले ढिगाऱ्याखाली गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच भागाला पुरानं झोडपलं. माझ्याकडे तोपर्यंत या पुस्तकाचा अर्धा मसुदा होता आणि त्यात वाजिमाबद्दल सगळीकडे वर्तमानकाळ होता. मी तो बदलला नाही. तिथले कारागीर तात्पुरत्या शेडमध्ये पुन्हा लेप देऊ लागले आहेत, तर मी भूतकाळ वापरणारा कोण?

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमानं आहे. आधी झाड आणि चीक काढणारा, मग शुद्धीकरण, मग लाकूड, अस्तर, लेप, घासणं, घोटणं, शेवटी माकि-ए. प्रत्येक प्रकरणात हत्याराचं चित्र मूळ मापात दिलं आहे, म्हणजे वाचकाला पानावर हात ठेवून अंदाज घेता येईल. जपानी शब्द देवनागरीत आणि उच्चाराप्रमाणे. जिथे आपला शब्द चपखल बसतो तिथे आपलाच वापरला. पुठ्ठा, खळ, अस्तर, घोटणं, ढलपी, पाझर हे शब्द असताना परके शब्द आणायची गरज नव्हती. उरुशीची राजकीय कथा, सामुराईंची म्यानं, चहासमारंभ यांना मी फार जागा दिली नाही. त्यांच्यावर लिहिणारे माझ्याहून जाणकार आहेत. ज्यांनी आयुष्यात कधी ओल्या पृष्ठभागावर श्वास रोखला आहे, स्क्रॅपर पोटाशी धरला आहे, पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिलं.

जपानात मोडलेल्या सुयांना आणि झिजलेल्या लेखण्यांना देवळात नेऊन निरोप देतात. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडतो, कारखान्यात प्रेसला, रोबोलासुद्धा झेंडूची माळ पडते. यंदा आमच्या घरच्या पाटावर माझी जुनी स्प्रे गन होती, व्हर्नियर होता, भोसरीच्या मित्रानं एका दिवसासाठी विश्वासानं दिलेला स्क्रॅपर होता, आणि त्यांच्या शेजारी तो हेरा आणि तो कुंचला. हळदकुंकू लावण्याआधी मी पट्टी घेऊन कुंचल्याची उरलेली लांबी मोजली. आत अजून चार बोटं केस शिल्लक आहेत.

चिंचवड, खंडेनवमी